संहितेविना कृती : 'हादाका नो रारीझु' आणि गोंगाटाचे रूप

१

कलाकृतीचा विचार करताना समीक्षा बहुधा एक गोष्ट गृहीत धरते. कृतीची एक अधिकृत संहिता असते, कर्त्याने ती केव्हातरी पूर्ण झाली असे मानून हातावेगळी केलेली असते, आणि आस्वादाचा व अर्थनिर्णयनाचा सारा व्यवहार त्या संहितेपासून सुरू होतो. कवीने संग्रह प्रसिद्ध केला, कादंबरीकाराने अखेरची मुद्रिते तपासली, चित्रकाराने चित्राच्या कोपऱ्यात सही केली, की कृती जगात आली असे मानण्याची रीत आहे. कर्त्याचे अर्थावरील स्वामित्व नाकारणाऱ्या सिद्धान्तांनीही हे गृहीत फारसे हलवलेले नाही. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा वाचकाच्या स्वाधीन करण्यासाठी त्यांच्यापुढे बाल्झाकची एक छापील कथा होतीच. कर्ता गेला तरी संहिता जागेवर राहते, या खात्रीवरच ती घोषणा उभी होती.

ज्या कृतीला अशी संहिताच नाही, तिचे काय करायचे? मौखिक परंपरांच्या संदर्भात हा प्रश्न पूर्वीही विचारला गेला आहे. परंतु तेथे लेखनाचे साधन समाजाच्या व्यवहारात नव्हते, किंवा असूनही परंपरेला त्याची गरज भासली नाही, असे उत्तर देता येते. साधन हाताशी आहे, बाजारपेठ तयार आहे, समकालीन सर्वजण तिच्यात उतरले आहेत, आणि तरीही कर्ता 'ही माझी कृती, ही पूर्ण झाली' असे म्हणत नाही. अशा स्थितीत हे उत्तर अपुरे ठरते.

जपानमधील 'हादाका नो रारीझु' या रॉक बँडची कारकीर्द हे अशा स्थितीचे ठळक उदाहरण आहे. १९६७ मध्ये क्योतो येथे हा बँड स्थापन झाला आणि १९९६ मध्ये त्याचे अखेरचे वादन झाले. जवळजवळ तीस वर्षांच्या या काळातील पहिली चोवीस वर्षे त्याच्या नावावर एकही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका नव्हती. असे असूनही जपानी भूमिगत रॉक संगीताच्या इतिहासात, विशेषतः गोंगाटालाच रचनेचे द्रव्य मानणाऱ्या प्रवाहात, त्याचे स्थान मूळपुरुषासारखे मानले जाते. प्रसिद्ध कृतीशिवाय प्रतिष्ठा आणि संहितेशिवाय परंपरा, असा हा पेच आहे. या पेचाची उकल आजवर मुख्यतः आख्यायिकेच्या आधारे केली गेली. ती उकल का पुरेशी नाही आणि तिच्या जागी कोणता विचार ठेवता येईल, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

२

बँडचा जन्म क्योतोतील दोशिशा विद्यापीठाच्या परिसरात झाला. गायक आणि गिटारवादक मिझुतानी ताकाशी हा त्याचा केंद्रबिंदू. बाकीचे वादक येत-जात राहिले, मिझुतानी मात्र आरंभापासून अखेरपर्यंत टिकला. स्थापनेचा काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. १९६६ मध्ये बीटल्सचे टोकियोतील बुदोकान सभागृहात कार्यक्रम झाले होते आणि त्यानंतर जपानमध्ये 'ग्रुप साउंड्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बँडची लाट उसळली होती. एकसारखे पोशाख, व्यावसायिक गीतकार-संगीतकारांकडून मिळालेली गाणी आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांचे नियंत्रण ही या लाटेची व्यवच्छेदक लक्षणे होती. गाणे म्हणजे तीन मिनिटांची तबकडी, आणि वादक म्हणजे त्या तबकडीचा चेहरा, असे हे समीकरण होते.

या समीकरणाला रारीझुचा पहिला छेद त्यांच्या नावातच दिसतो. बँडचे दुसरे नाव फ्रेंच वळणाचे आहे : 'ले रॅलीझ देन्यूदे'. जपानी 'हादाका' आणि फ्रेंच 'देन्यूदे' या दोन्हींचा आशय नग्नतेचा आहे. परंतु ज्याला नग्न म्हटले आहे तो 'रॅलीझ' हा शब्द फ्रेंच शब्दकोशात सापडत नाही. म्हणजे जपानी नाव हे फ्रेंच नावाचे भाषांतर असल्याचा आणि फ्रेंच नाव हे मूळ असल्याचा आभास निर्माण होतो. प्रत्यक्षात भाषांतर आहे, मूळ नाही. अनावृत करण्याची क्रिया आहे, परंतु आवरणाखाली काहीच नाही. एका नावावर फार मोठा सिद्धान्त उभारणे योग्य होणार नाही हे खरे. तरीही या बँडच्या पुढील सर्व व्यवहाराचे सूत्र, म्हणजे मूळ कोठेच नसणे आणि आवृत्त्या मात्र सर्वत्र असणे, येथे बीजरूपाने आढळते.

सुरुवातीच्या वर्षांत बँडचा संबंध व्यावसायिक संगीतक्षेत्रापेक्षा क्योतोतील प्रायोगिक रंगभूमीशी आणि विद्यार्थी चळवळीशी अधिक होता. १९६८ आणि १९६९ ही जपानी विद्यापीठांतील संघर्षाची वर्षे होती. व्हिएतनाममधील युद्ध, १९७० मध्ये मुदत संपणारा अमेरिका-जपान सुरक्षा करार आणि विद्यापीठांची अंतर्गत सत्तारचना या तीन प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी विद्यापीठांच्या इमारती ताब्यात घेतल्या होत्या. टोकियो विद्यापीठातील यासुदा सभागृहावर पोलिसांनी जानेवारी १९६९ मध्ये कारवाई केली. त्याच वर्षी क्योतो विद्यापीठात अडथळे उभारलेल्या आवारात झालेल्या संगीत कार्यक्रमात रारीझु सहभागी झाले. मंच, प्रेक्षागृह आणि रस्ता यांच्यातील सीमा पुसट झालेल्या त्या वातावरणात मोठा आवाज ही केवळ संगीताची बाब राहिली नव्हती. घोषणा, ध्वनिक्षेपक, पाण्याचे फवारे आणि अश्रुधुराची नळकांडी यांच्या आवाजाशी त्याचे शेजार होते.

३

या शेजाराचे सर्वांत चर्चित आणि सर्वांत गैरसमजाचे टोक म्हणजे ३१ मार्च १९७० ची घटना. त्या दिवशी 'सेकिगुन-हा' या सशस्त्र क्रांतीचा पुरस्कार करणाऱ्या गटाच्या नऊ जणांनी टोकियोहून फुकुओकाकडे जाणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या 'योदो' या विमानाचे अपहरण केले. फुकुओका आणि सेऊलजवळील किम्पो येथे थांबून, प्रवाशांची टप्प्याटप्प्याने सुटका करून, ते विमान अखेर ३ एप्रिल रोजी प्योंगयांगला पोहोचले. या नऊ जणांत मोरिआकी वाकाबायाशी हा रारीझुचा आरंभीचा बासवादक होता.

ही घटना सत्य आहे. आणि तिने बँडविषयीच्या बहुतेक लेखनाला ग्रासून टाकले आहे. नंतरच्या काळातील मिझुतानीचे मौन, मुलाखतींची दुर्मीळता, काळा पोशाख, काळा चष्मा आणि ध्वनिमुद्रिकांचा अभाव या सर्वांचे मूळ या अपहरणात शोधले जाते. अशा लेखनाची रीत चरित्रात्मक समीक्षेची जुनीच रीत आहे. कर्त्याच्या, किंवा येथे तर कर्त्याच्या एका सहकाऱ्याच्या, आयुष्यातील नाट्यमय प्रसंग घ्यायचा आणि कृतीला त्या प्रसंगाचे लक्षण ठरवायचे. ज्या कृतीची संहिता सहजी उपलब्ध नाही तिच्याबाबत हा मोह अधिकच बळावतो, कारण आख्यायिकेला विरोध करील असे काही समोर नसते. संहितेची रिकामी जागा चरित्र भरून काढते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अपहरणाचे कृत्य एका राजकीय गटाचे होते, बँडचे नव्हते. आणि शंभरांहून अधिक निरपराध माणसांना ओलीस धरण्याच्या कृत्याला कलात्मक बंडखोरीचे तेज चढवणे ही वैचारिक शिथिलता आहे. दुसरी गोष्ट अशी की अपहरणानंतर रारीझु सव्वीस वर्षे वाजवत राहिले. एका दिवसाच्या घटनेने सव्वीस वर्षांच्या वादनाचा अर्थ सांगता येत असेल, तर त्या वादनात ऐकण्यासारखे काही नव्हतेच असे मानावे लागेल. बँडचे चाहतेच जेव्हा ही आख्यायिका उत्साहाने सांगतात, तेव्हा आपण ज्याची थोरवी गातो त्यालाच ऐकण्यातून वजा करतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

४

मग ऐकू काय येते? येथे प्रथम संज्ञेचा प्रश्न उभा राहतो. 'नॉईज' या संगीतप्रकाराला मराठीत 'गोंगाट' म्हणावे लागते. 'कोलाहल', 'गलका', 'खडखडाट' हे अन्य पर्याय. गलका माणसांचा असतो, खडखडाट वस्तूंचा, कोलाहल गर्दीचा. या सर्व शब्दांत एक समान गृहीत आहे : हा आवाज कोणी रचलेला नसतो. तो होतो, केला जात नाही. आणि केला गेलाच तर दुसऱ्याचे ऐकू येऊ नये म्हणून केला जातो. गोंगाटाला रूप असू शकते ही कल्पना या शब्दांच्या अर्थकक्षेबाहेरची आहे. रारीझुचे वादन नेमके या कक्षेला धक्का देते.

त्यांच्या १९७० च्या दशकातील वादनाची संरचना वर्णनाच्या पातळीवर अगदी साधी आहे. बास गिटारवर एक लहान स्वराकृती सुरू होते. ती बदलत नाही. ड्रमवादक तिला संथ, जवळजवळ यांत्रिक आधार देतो. या अचल पायावर मिझुतानीचा स्वर आणि त्याची गिटार येते. स्वर प्रतिध्वनीत इतका भिजवलेला असतो की शब्द अर्धेच कानी पडतात. रात्र, आरसा, दूर गेलेली स्मृती अशा शीर्षकांतून सूचित होणारे विश्व शब्दांपेक्षा सुरांच्या सावटातून जाणवत राहते. आणि गिटार स्वरांकडून हळूहळू फीडबॅककडे सरकते.

फीडबॅकची प्रक्रिया समजून घेतल्याशिवाय या संगीताविषयी नेमके बोलता येत नाही. गिटारच्या तारांची कंपने विद्युत्-रूपाने ध्वनिवर्धकात जातात आणि मोठी होऊन बाहेर पडतात. आवाज पुरेसा मोठा असेल तर तोच आवाज हवेतून परत येऊन तारांना पुन्हा कंपित करतो, ती कंपने पुन्हा वर्धकात जातात, आणि चक्र स्वतःच्या बळावर चालू राहते. वादकाने तार छेडण्याची आता गरज उरत नाही. तो ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर उभा आहे, गिटार कोणत्या कोनात धरली आहे, यांवर स्वर ठरतो. म्हणजे वादकाचे कर्तेपण संपत नाही, पण त्याचे स्वरूप बदलते : स्वर निर्माण करण्याऐवजी स्वतःच जन्मलेल्या आणि वाढू पाहणाऱ्या आवाजाला तो दिशा देतो. कर्तृत्वाच्या विसर्जनाची जी चर्चा त्या काळात पॅरिसमध्ये लेखनाच्या संदर्भात चालली होती, तिचे एक प्रत्यक्ष, भौतिक रूप येथे आढळते. तिचा प्रभाव येथे दाखवण्याचा हेतू नाही. साम्य प्रक्रियेचे आहे.

अमेरिकेतील 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडची १९६८ मधील दुसरी ध्वनिमुद्रिका रारीझुच्या संदर्भात नेहमी आठवली जाते, आणि दीर्घ पुनरावृत्ती व विकृत ध्वनी यांबाबत ते साम्य खरेही आहे. परंतु रारीझुचे वैशिष्ट्य दुसऱ्या ठिकाणी आहे. 'रात्र, मारेकऱ्यांची रात्र' या त्यांच्या गाण्याची बास-स्वराकृती लिटल पेगी मार्च या किशोरवयीन गायिकेच्या १९६३ मधील 'आय विल फॉलो हिम' या अतिशय लोकप्रिय अमेरिकी गाण्याशी मिळतीजुळती असल्याचे श्रोत्यांनी वारंवार नोंदवले आहे. ते अमेरिकी गाणेही मूळचे फ्रेंच. फ्रांक पुर्सेल आणि पॉल मोरिया यांची 'शारियो' ही चाल पेट्युला क्लार्कने १९६२ मध्ये गायली होती. फ्रान्समधून अमेरिकेत आणि तेथून क्योतोत आलेली ही गोड, आज्ञाधारक प्रेमाची चाल रारीझु मोडत नाहीत. ते ती तशीच, न थकता वाजवत राहतात, आणि तिच्यावर गोंगाटाचा डोंगर रचतात. खालची चाल ओळखू येण्याइतकी निरागस, वरचा आवाज असह्य. आणि दोहोंपैकी कोणीही माघार घेत नाही.

हेच त्यांना नंतरच्या जपानी नॉईज संगीतापासून वेगळे करते. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या 'हिजोकाइदान' या बँडने किंवा त्याच वर्षी सुरू झालेल्या 'मर्झबो' या प्रकल्पाने गाण्याचे रूपच नाकारले. त्यांच्याकडे गोंगाट ही संपूर्ण भूमी आहे. रारीझुकडे मात्र गाणे शेवटपर्यंत टिकून राहते. त्यांच्या कार्यक्रमाची सांगता अनेकदा 'द लास्ट वन' या रचनेने होई. १९७७ च्या उपलब्ध मुद्रणात ती वीस मिनिटांहून अधिक चालते आणि तरीही तिचा पाया एका छोट्या स्वराकृतीचाच आहे. गोंगाट आणि गीत यांच्यातील ताण हा या कलेचा आशय आहे. ज्या क्षणी गीत पूर्ण बुडेल त्या क्षणी गोंगाटही अर्थहीन होईल, हे मिझुतानीला ठाऊक असावे असे त्याचे वादन सांगते. जाक आताली यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात संगीत म्हणजे गोंगाटाला शिस्त लावण्याची समाजाची व्यवस्था, अशी मांडणी केली. रारीझुच्या संगीतात शिस्त आणि गोंगाट एकाच वेळी, एकमेकांना न जिंकता उभे आहेत. त्या मांडणीत न सामावणारा हा विशेष आहे.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अशा वादनाची संहिता कोणती? १९७३ मध्ये टोकियोच्या किचिजोजी भागातील 'ओझ' हे संगीतगृह बंद झाले. त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या जोड-तबकडीत अन्य कलावंतांबरोबर रारीझुचेही वादन समाविष्ट झाले. १९९१ पर्यंत प्रसिद्ध स्वरूपात जे होते ते प्रामुख्याने एवढेच. मधल्या काळात ज्यांनी हा बँड ऐकला त्यांनी तो प्रत्यक्ष ऐकला, किंवा ध्वनिफितींच्या नकलांवरून ऐकला.

१९९१ मध्ये एकाच वेळी तीन कॉम्पॅक्ट डिस्क प्रसिद्ध झाल्या : '६७-'६९ स्टुडिओ ए लाइव्ह', 'मिझुतानी' आणि '७७ लाइव्ह'. त्यांच्या प्रती थोड्या होत्या. त्या लवकरच दुर्मीळ झाल्या आणि संग्राहकांच्या बाजारात चढ्या किमतीला जाऊ लागल्या. या प्रकाशनाकडे आख्यायिकेतील एक अपवाद म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः आख्यायिकेचे खंडन करणारा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ध्वनिमुद्रणाला तत्त्वतः नकार देणारा कलावंत आपल्याच वादनाचे तीन खंड निवडून, क्रम लावून प्रसिद्ध करीत नाही. पहिल्याच खंडाच्या नावात 'स्टुडिओ' हा शब्द आहे. दुसऱ्या खंडात तुलनेने शांत, अकूस्टिक गिटारच्या आधाराने गायलेली गाणी प्रामुख्याने आहेत, आणि ती ऐकल्यावर हा बँड म्हणजे केवळ कानठळ्या बसवणारा आवाज हे समीकरण टिकत नाही. तिसऱ्या खंडात १२ मार्च १९७७ रोजी टोकियोजवळील ताचिकावा येथे झालेले वादन आहे. आरंभ, शांतता आणि गोंगाट असे तीन टप्पे कर्त्याने स्वतः आखून दिले आहेत.

मिझुतानीला मुद्रण नको होते असे न म्हणता, कोणते मुद्रण आपले म्हणायचे याबाबत त्याचा निकष अत्यंत कठोर होता, असे म्हणणे उपलब्ध कृतींशी अधिक सुसंगत ठरते. नकार आणि निकष यांत फरक आहे. नकारातून व्रतस्थ विरक्ताची प्रतिमा तयार होते. निकषातून काम करणारा कलावंत दिसतो. आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. या त्रिखंडात १९७७ नंतरचे काहीही नाही. १९८० च्या सुमारास, क्योतोतील 'मुराहाचिबु' या बँडमधून आलेला फुजिओ यामागुची हा गिटारवादक रारीझुत होता आणि दोन गिटारींमुळे वादनाचा पोत बराच बदलला होता. तरीही त्या पर्वाला या निवडीत स्थान मिळाले नाही.

कर्त्याने मोकळी सोडलेली ही जागा इतरांनी भरली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनधिकृत तबकड्यांचा ओघ सुरू झाला आणि पुढे तर अनेक तबकड्यांचे संच निघाले. जपानबाहेरच्या बहुसंख्य श्रोत्यांनी रारीझुला ओळखले ते या तबकड्यांतून आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्यूलियन कोप यांच्या जपानी रॉकवरील पुस्तकातून. त्यांपैकी 'हेवियर दॅन अ डेथ इन द फॅमिली' ही २००२ मधील अनधिकृत तबकडी सर्वाधिक प्रसिद्ध झाली. तिच्यातील मोठा भाग '७७ लाइव्ह'मध्ये आलेल्या वादनाचाच आहे, परंतु गाण्यांची निवड, क्रम आणि ध्वनीचा पोत वेगळा आहे. एकाच संध्याकाळचे दोन पाठ : एक कर्त्याने मान्य केलेला, परंतु जवळजवळ कोणाला न मिळालेला, दुसरा कर्त्याने न मानलेला, परंतु सर्वांनी ऐकलेला. परंपरा घडवली ती दुसऱ्याने.

येथे आतालींच्या विवेचनाची मर्यादाही स्पष्ट होते. ध्वनिमुद्रणाच्या युगात संगीत हे साठवण्याची वस्तू बनते, असे ते म्हणतात. ज्या बँडने ही वस्तू पुरवण्यास दीर्घकाळ टाळाटाळ केली त्याच्या दुर्मीळतेतूनच साठवणुकीचा बाजार उभा राहिला. अभावालाही किंमत येते. तेव्हा प्रकाशन टाळणे हा बाजारविरोधी पवित्रा होता असे ठामपणे सांगणाऱ्यांनी त्याचा परिणामही पाहिला पाहिजे.

६

मिझुतानी २०१९ मध्ये मरण पावला. ही वार्ता २०२१ मध्ये जाहीर झाली. त्याच सुमारास बँडच्या वारशाची अधिकृत व्यवस्था सुरू झाली आणि बँडचा एकेकाळचा सहकारी, पुढे निर्माता म्हणून नावारूपाला आलेला माकोतो कुबोता याने जुन्या फितींवर काम हाती घेतले. २०२२ मध्ये 'ओझ'मधील मुद्रणांची विस्तारित आवृत्ती निघाली, १९९१ चे तीनही खंड पुन्हा उपलब्ध झाले, आणि त्यानंतर कावासाकीच्या 'क्लब चित्ता'मधील १९९३ चे वादन तसेच १९८० मधील यामागुचीसह झालेले वादन प्रसिद्ध झाले. श्रोत्याच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. अनेक पिढ्यांच्या नकलांमुळे झिजलेल्या ध्वनीऐवजी मूळ फितींच्या जवळचा ध्वनी आता ऐकता येतो.

समीक्षेच्या दृष्टीने मात्र दोन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला प्रामाण्याचा. १९८० आणि १९९३ ची वादने कर्त्याने आखलेल्या १९७७ च्या सीमेपलीकडची आहेत. ती आता 'अधिकृत' झाली, पण हे अधिकृतपण कर्त्याच्या निवडीतून आलेले नसून वारशाच्या व्यवस्थेतून आले आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखकांच्या वह्यांबाबत साहित्यसमीक्षेने हा प्रश्न अनेकदा हाताळला आहे, आणि त्याचे सरसकट उत्तर नाही. १९९१ चे त्रिखंड आणि नंतरची प्रकाशने यांना एकाच मालिकेतील क्रमांक मानून ऐकणे मात्र निश्चितच चूक ठरेल. एक कर्त्याची निवड आहे, दुसरा कर्त्याचा दप्तरखाना. दोन्ही मोलाचे, परंतु त्यांचे प्रामाण्य वेगवेगळे.

दुसरा प्रश्न पाठाचा. पाठचिकित्सेची पद्धत ज्यांना परिचित आहे त्यांना येथील वेगळेपण लगेच जाणवेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत हस्तलिखितांच्या तुलनेतून उपलब्ध पुराव्याच्या आधारे शक्य तितक्या प्राचीन पाठापर्यंत मागे जाण्याचा प्रयत्न होता. मूळ हरवले आहे, पण त्याच्या दिशेने जाता येते, ही त्यामागील धारणा होती. रारीझुच्या बाबतीत एखाद्या रात्रीच्या वादनाची मूळ फीत सापडू शकते; परंतु 'द लास्ट वन' या रचनेचा मूळ पाठ सापडू शकत नाही, कारण तो कधी नव्हताच. प्रत्येक रात्रीचे वादन हा एक पाठ आहे आणि त्याच्या मागे आदिपाठ नाही. शुद्ध ध्वनीच्या शोधातून एका रात्रीची अचूक प्रत हाती येईल. तिला कृती समजणे म्हणजे एका प्रयोगाला नाटक समजणे होय.

झिजलेल्या अनधिकृत प्रतींचे काय करायचे, हाही याच प्रश्नाचा एक पदर आहे. फितीवरून फीत करताना वाढत जाणारी खरखर, मिटत जाणारे तपशील आणि दाट होत जाणारा धूसरपणा यांना दोन दशके श्रोते मिझुतानीचाच गोंगाट समजून ऐकत आले. त्यातील किती वादकाचा आणि किती नकलांचा, हे आता नव्या आवृत्त्यांच्या शेजारी ठेवून काही प्रमाणात ठरवता येते. परंतु पुढच्या पिढीतील अनेक बँडनी अनुकरण केले ते या मिश्र आवाजाचे. प्रभावाचा इतिहास लिहावयाचा तर अशुद्ध पाठ बाजूला सारून चालणार नाही, कारण प्रभाव त्याचाच पडला. कृतीचा इतिहास लिहावयाचा तर शुद्ध पाठाकडे जावेच लागेल. हे दोन इतिहास एक नाहीत आणि ते एक आहेत असे भासवण्याची गरजही नाही.

आख्यायिकेने रारीझुला विमान, अंधार आणि मौन यांच्या आड ठेवले. त्यांच्याविषयी नवे काही सांगायचे तर आरंभ या तीन गोष्टींपासून न करता तीन खंडांपासून करावा लागेल, आणि त्यांच्या शेजारी १९८० व १९९३ ची वादने ठेवून ऐकावे लागेल. एका छोट्या, न बदलणाऱ्या स्वराकृतीवर तीस वर्षे काम करणारा एक कलावंत तेथे भेटतो. त्याने फारच थोडे आपले म्हणून मान्य केले. उरलेले जे आज हाती आले आहे ते ऐकताना त्याची ही काटकसर लक्षात ठेवणे, एवढे तरी समीक्षेला करता येण्यासारखे आहे.